रक्तातलं की तोंडातलं?

जुलै २०१२मध्ये महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, तेव्हा अन्न व औषध प्रशासन खात्याचे मंत्री होते मनोहर नाईक, पुसदचे आमदार. आदेश मुंबईत निघाला, पण त्याची खरी परीक्षा मंत्र्यांच्या स्वतःच्या यवतमाळ जिल्ह्यात होणार होती. पुसद, दिग्रस, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, वणी, कुठल्याही गावात जा, बसस्थानकापासून ग्रामपंचायतीपर्यंत जिथे चार माणसं टेकतात तिथे पानठेला असतो. त्या ठेल्यांवर लोंबणाऱ्या चकचकीत पुड्यांच्या माळा उतरल्या. आणि तिथेच आधीपासून घोटला जाणारा सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा आणखी जोरात घोटला जाऊ लागला. वर्षभरातच सरकारला खर्रा, मावा आणि सुगंधित सुपारीही बंदीत ओढून घ्यावी लागली.

पानठेल्यावर कॅन्सरचा विषय निघत नाही असं नाही. निघतो आणि लगेच मिटवलाही जातो. “आमचा बुढा ऐंशी वर्सं जगला, तंबाखू सुटला नाई त्याचा. त्याले काई झालं काय?” दुसरा म्हणतो, “अन् तो मास्तर, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नव्हता, त्यालेच झाला. ज्याच्या रक्तात हाय त्याले होते.” हे ऐकून शहरी माणूस हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकाच ठेल्यावर एकाच तंबाखूचा खर्रा वीस वर्षं खाणाऱ्या दहा जणांपैकी दोघांचेच गाल का कुजावेत? याचं उत्तर शोधण्यात मुंबईच्या एका प्रयोगशाळेने सत्तर-ऐंशी वर्षं घालवली. त्या शोधाची वाट परळहून निघून कँटन, डर्बन, तैवान अशी फिरत पुन्हा वऱ्हाडात येते.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभं केलं. यवतमाळ तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं. ते मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. जिल्ह्यातला कापूस मात्र यवतमाळ–मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेने निघून मुंबईकडेच जायचा. परळच्या दवाखान्यात पोचायचं तर माणसालाही तीच वाट होती.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५चा, शिक्षण लंडनचं, विषय पॅथॉलॉजी. त्या काळात एक समज घट्ट होता की कर्करोग हा पुढारलेल्या, गोऱ्या देशांचा रोग; हिंदुस्थानी माणसाला तो फारसा होत नाही. या समजाच्या पोटात वंशाचा विचार होता. गोऱ्यांचं रक्त वेगळं, यांचं वेगळं. खानोलकरांनी वाद न घालता मोजायला सुरुवात केली. हॉस्पिटल सुरू होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच, १९४४मध्ये, त्यांनी ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा छापला. विरळा रोगाचे हजार रुग्ण इतक्या सहज मोजता येत नसतात.

पण हा तर निम्माच प्रश्न सुटला. आपल्याकडे कर्करोग आहे, हे ठरलं. मग तो विशिष्ट ठिकाणीच का? पारशी बायकांत स्तनाचा अधिक, हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा. दख्खनी हिंदूंत गालाचा, गुजराती पुरुषांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा. मुंबईसारखं शहर या अभ्यासाला जणू मुद्दाम वसवलेलं होतं. प्रत्येक समाजाचं जेवण वेगळं, कपडा वेगळा, तंबाखू घ्यायची रीत वेगळी. आणि प्रत्येक समाज लग्न आपल्यातच करणारा.

इथेच खरी गोम आहे, आणि मला वाटतं खानोलकरांची थोरवी त्यांनी ती गोम ओळखण्यात आहे. जातीत लग्नं होतात म्हणून रक्त जातीत राहतं. जातीत स्वयंपाक होतो म्हणून सवयही जातीत राहते. बापाकडून मुलाला गुणसूत्रं मिळतात आणि त्याच बापाकडून चंचीही मिळते. मग एखाद्या समाजात गालाचा कर्करोग जास्त दिसला तर दोष गुणसूत्रांचा की चंचीचा? युरोपात हा पेच इतका बिकट नव्हता. भारतात जातिव्यवस्थेने दोन्ही वारसे एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेले.

ते गाठोडं सोडवायला खानोलकरांनी एक आनुवंशशास्त्रज्ञ सोबत घेतला: एल. डी. संघवी. दोघांनी १९४९मध्ये मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये छापली. कर्करोगाच्या हॉस्पिटलातून रक्तगटांवरचा लेख निघावा हे आज चमत्कारिक वाटेल. पण त्या दशकात रक्ताचं वेड सगळीकडेच होतं. १९५२मध्ये मुंबईच्याच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अपूर्व रक्तगट जगापुढे मांडला, त्याचं नावच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ पडलं. समाजांचं रक्त खरोखर वेगवेगळं असतं, याचा पुरावा समोर होता. तेव्हा कर्करोगाचं उत्तरही रक्तात सापडेल, ही आशा काही वेडगळ नव्हती.

सापडलं मात्र वेगळंच. खानोलकर सवयींच्या खुणा शरीरावर शोधत गेले तसतशा त्या अचूक जागी सापडत गेल्या. कमरेला धोतर घट्ट आवळणाऱ्यांना नेमका त्या काचाच्या जागी त्वचेचा कर्करोग. काश्मीरमध्ये निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना पोटाच्या कातडीचा. खैनी खालच्या ओठात दाबून ठेवणाऱ्याला त्या ओठाच्या आतल्या खोबणीत. आंध्र किनाऱ्यावर चिरूट पेटतं टोक तोंडात घालून ओढायची चाल, तिथल्या बायकांना टाळूचा. रक्त सगळ्या अंगभर फिरतं. ते धोतराच्या काठापाशी येऊन थांबत नाही. १९५५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख आला. त्यात बिडी ओढणं घशाच्या बाजूच्या कर्करोगाशी आणि तंबाखू चघळणं तोंडाच्या कर्करोगाशी कसं जोडलेलं आहे हे रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करून मांडलं होतं. दख्खनी गाल आणि गुजराती घसा यांचं कोडं बरंचसं तिथे उलगडलं. एकाची तंबाखू गालात होती, दुसऱ्याची धुरात.

संघवींचा पुढचा प्रवास बोलका आहे. रक्तगट मोजत आत आलेला हा माणूस अखेर ‘टोबॅको अँड हेल्थ: द इंडियन सीन’ या ग्रंथाचा एक संपादक झाला.

म्हणजे रक्ताचा काहीच वाटा नाही? असं म्हणणाऱ्याने दक्षिण चीनकडे बघावं. डोक्या-मानेच्या कर्करोगांतलाच एक प्रकार, नाकाच्या मागे घशाच्या वरच्या कोपऱ्यात होणारा, जगात बहुतेक ठिकाणी वर्षाला लाखात एकालाही क्वचित होतो. ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये तो इतका दिसायचा की डॉक्टर त्याला कँटनची गाठ म्हणत. हाँगकाँगचे डॉ. जॉन हो यांनी लहानपणापासून खाल्ल्या जाणाऱ्या खारवलेल्या माशाकडे बोट दाखवलं. विषाणूतज्ज्ञांना त्या गाठींत एपस्टाइन–बार विषाणू सापडला. पण हा विषाणू तर जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात निमूट बसलेला असतो! १९७०च्या दशकात सिंगापूरच्या चिनी रुग्णांमध्ये एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या खुणांचे ठरावीक प्रकार जास्त आढळले, आणि तेव्हापासून आजतागायतचे जनुकीय अभ्यास गुणसूत्रांच्या त्याच भागाकडे परत परत येतात. कॅलिफोर्नियात गेलेल्या चिनी कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीत हा रोग कमी झाला, तरी शेजारच्या गोऱ्यांहून जास्तच राहिला. कमी झाला तो वाटा बहुधा ताटातला. जो उरला त्यात रक्त आहे. आपल्या देशातही नागालँडमध्ये हा रोग ठळकपणे दिसतो.

दुसरं उदाहरण दारूचं. चिनी, जपानी, कोरियन लोकांतल्या अनेकांची दारू पचवणारी एक प्रक्रिया जन्मतःच अडलेली असते. दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, आणि तरीही पीत राहिल्यास घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. हा दोष भारतात क्वचितच आढळतो. रक्ताचा वाटा असतो तेव्हा तो कसा दिसतो, हे या दोन उदाहरणांत स्वच्छ दिसतं. मग वऱ्हाडी गालाचं काय?

त्यासाठी एका वेगळ्या, कर्करोगाच्या आधी येणाऱ्या रोगाची हकिगत सांगायला हवी. १९५२मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाची स्थिती नोंदवली. गालाच्या आतली मऊ त्वचा पांढरट, ताठ झालेली. तोंड पुरतं उघडत नाही. तिखट लागलं की आग. त्याने जे लांबलचक लॅटिन नाव दिलं त्यातच कारण ठाऊक नसल्याची कबुली होती. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच रोग इथल्या रुग्णांत वर्णिला आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रुळलं. रोग जवळजवळ सगळा भारतीयांना होणारा. मग दोन संशयित ठरलेलेच. एक भारतीय मिरची, दुसरं भारतीय रक्त. मिरचीवर बराच काळ खटला चालला. पुढे लंडनमधल्या डॉक्टरांनी तिथल्या भारतीय रुग्णांचे एचएलए तपासले आणि काही प्रकार जास्त आढळल्याचं १९८६मध्ये लिहिलं. रक्ताची बाजू थोडी उजळ झाली.

दरम्यान सुपारी निवांत होती. तिच्यावर संशय घेणं जड जात होतं. पूजेत सुपारी, साखरपुड्यात सुपारी, निमंत्रणाला सुपारी. गणपतीची मूर्ती नसेल तर सुपारीच गणपती. परळलाच डॉ. कमल रणदिवे, खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या शास्त्रज्ञ, यांनी सहकाऱ्यांसह हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालातल्या पिशवीत सुपारी आणि तंबाखूचे अर्क लावून पाहिले. १९७६मध्ये छापलेल्या त्या प्रयोगांत नुसत्या सुपारीनेही गाठी आल्या. हॅमस्टरला ना जात, ना वऱ्हाडी रक्त. तरी माणसांच्या बाबतीत जगाने सुपारीचं स्वतंत्र नाव घ्यायला वेळ लावला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५मध्ये तंबाखू घातलेलं पान कर्करोगकारक ठरवलं. तंबाखूविना नुसती सुपारीही तशीच आहे, हा निर्वाळा २००४च्या ग्रंथात आला.

त्या निर्वाळ्यामागे दोन परदेशी पुरावे भक्कम होते. डर्बनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय बायका तंबाखू न घालता सुपारी खात. त्यांच्या तोंडात फायब्रोसिस सापडला, पुढे कर्करोगही. एवढ्यावर एखादा म्हणेल, रक्त भारतीयच ना. दुसरा पुरावा तैवानचा. तिथला चिनी माणूस कोवळी हिरवी सुपारी चुन्यासह चघळतो, तंबाखू अजिबात घालत नाही. आणि तोंडाचा कर्करोग, फायब्रोसिस, सगळं तिथेही आपल्यासारखंच. चीनच्या हुनान प्रांतात, जिथे सुपारीचा धंदा जोरात आहे, तिथेही तेच. नाकामागच्या कर्करोगात आपल्यापासून इतका निराळा ठरलेला चिनी माणूस सुपारीपुढे मात्र हुबेहूब पांढरकवड्याच्या माणसासारखा वागला. फायब्रोसिसच्या बाबतीत वंशाचा दावा माझ्या मते तिथे मोडला.

हे सगळं चालू असताना खेड्यांत कोण जात होतं? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या पथकांनी १९६०च्या दशकापासून घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली: केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम, गुजरातेत भावनगर, बिहारमधले दोन जिल्हे. महाराष्ट्रातली १,०१,७६१ खेडुतांची पाहणी १९७२मध्ये प्रसिद्ध झाली, ती पुणे जिल्ह्यातली. एर्नाकुलमच्या फायब्रोसिस झालेल्या ६६ जणांचा पाठपुरावा पथकाने तब्बल १७ वर्षं केला, ७.६ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला. भारतीय विज्ञानात इतकी चिकाटी फार वेळा दिसत नाही. वऱ्हाड मात्र या मोठ्या पाहण्यांच्या वाटेवर नव्हतं.

वऱ्हाडाचं चित्र पुढे आलं ते नागपूरहून. शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉ. विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मध्य भारतातल्या फायब्रोसिसच्या १,००० रुग्णांचा अभ्यास छापला. खानोलकरांच्या हजारानंतर त्रेसष्ट वर्षांनी हे दुसरे हजार. पूर्व आफ्रिकेत पाच बायकांपासून सुरू झालेल्या या रोगात आता एका बाईमागे जवळजवळ पाच पुरुष होते. नुसती सुपारी चघळणं बायकांत जास्त. गुटखा आणि त्याहून कितीतरी अधिक खर्रा-मावा पुरुषांत. आणि वय खाली आलेलं. भावनगरच्या पाहणीवरून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्येच विचारून ठेवलं होतं की ही नवी साथ तर नव्हे? रक्त एका पिढीत बदलत नाही. १९७०नंतर बदललं ते एवढंच की सुपारी-तंबाखू पुडीत बंद होऊन, दोन-चार रुपयांत, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली.

खर्रा पुडीतूनही येत नाही. तो डोळ्यांसमोर होतो. भरड कातरलेली सुपारी, सुगंधित तंबाखू, ओला चुना, हे सगळं प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून ठेलेवाला पाटावर जोरजोरात घासत राहतो. घासून घासून सुपारी मऊ पडते, चुना आत मुरतो, सगळं एकजीव होतं, मग पन्नीला गाठ मारून हातात. गिऱ्हाइक ती पन्नी खिशात टाकतं आणि दिवसभर चिमूट-चिमूट गालात भरतं. घोटण्याने होतं काय, तर सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं लाळेत लवकर उतरतात आणि चुन्याने त्यांची धार वाढते. सुपारीत तांबंही भरपूर. गालाच्या आतल्या पेशी त्यामुळे कोलॅजनचे धागे अधिक बनवतात, ते धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि मोडायचं काम मंदावतं. गाल आतून कातड्याच्या पट्ट्यासारखा आवळत जातो. डॉक्टर विचारतात, उभी तीन बोटं तोंडात जातात का? दोन जात असली तरी माणूस म्हणतो, चालतंय. झणझणीत रस्सा सहन होईनासा होतो तेव्हा कुठे घरात चर्चा होते, आणि दोष पुन्हा मिरचीला. जुना खटला घरोघर अजून चालूच आहे.

खर्ऱ्याच्या तीन घटकांपैकी सुपारी यवतमाळात पिकत नाही, ती कोकण-कर्नाटक-केरळातून येते. तंबाखूही बाहेरून येते. वणीकडच्या भुईत चुनखडी आहे, तेवढंच काय ते गावचं. तरी कापूस वेचायच्या दिवसांत, वणीच्या कोळसा खाणींच्या पाळ्यांत, रात्रीच्या ओलितावर, भूक आणि झोप मारायला हा माल शेतकऱ्याला आणि मजुराला उपयोगी पडतो. गोंड, कोलाम, बंजारा, आंध, कुणबी यांची लग्नं आपापल्यात होतात, पण खर्ऱ्याची पन्नी सगळ्यांच्या खिशात एकच. खानोलकरांना मुंबईत समाजागणिक वेगळी सवय सापडली होती, म्हणून ते तुलना करू शकले. आजच्या यवतमाळात तसा अभ्यास करायचा म्हटला तर सवयीच्या रकान्यात सगळीकडे खर्राच लिहावं लागेल.

सरकारने हात घातला तो उशिरा आणि अडखळत. १ ऑगस्ट २००२पासून महाराष्ट्राने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. गोदावत पानमसाला खटल्यात ऑगस्ट २००४मध्ये बंदी रद्द झाली, कारण अन्नभेसळीच्या जुन्या कायद्यातल्या त्या कलमाने राज्याला असा धंदा बंद करता येत नव्हता. पुढची आठ वर्षं पुड्यांच्या माळा लटकत राहिल्या. मग नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११मध्ये नियम आला की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन असता कामा नये. त्याच्या आधारे पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने २०१२ची बंदी आणली. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते महेश झगडे, मंत्री पुसदचे नाईक. या वेळी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. राज्यातल्या प्रौढांत धूररहित तंबाखू घेणारे २००९-१० साली २७.६ टक्के होते, २०१६-१७ साली २४.४ टक्के. घट आहे. पण वाजतगाजत आलेल्या बंदीच्या मानाने ती लहान आहे. पूर्वेकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासन आणि टाटा ट्रस्ट्ससह २०१६मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. तिथे गावसभेनेच खर्रा-दारू बंद करायची असं धोरण ठेवलं, कारण पोलीस ठेल्यावर कायमचा उभा राहू शकत नाही.

या काळात रक्ताचा प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत शिरला होता, पण आता अवजारं वेगळी होती. शरीरात विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या जीएसटीएम१ या जनुकाची जोडी साधारण एक-तृतीयांश भारतीयांत मुळातच गायब असते. अशा लोकांत तंबाखू-पान खाण्यामुळे तोंडात पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण जास्त आहे, असं १९९९च्या एका अभ्यासाने दाखवलं. नंतरचे निष्कर्ष मागेपुढे होत राहिले. शिवाय चिनी आणि युरोपीय लोकांत हेच जनुक निम्म्यांच्या आसपास गायब असतं. तेवढ्याने निकाल लागत असता तर गालाचा कर्करोग आपल्याआधी त्यांच्याकडे गेला असता.

२०१३मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेतले पार्थ मजुमदार आणि खारघरच्या टाटा केंद्रातले डॉ. राजीव सरीन यांच्या पथकाने भारतीय रुग्णांच्या हिरडी-गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. पी५३, कॅस्पेस-८, फॅट१, नॉच१, अशा जनुकांत बिघाड वारंवार सापडले. ‘जनुकांत बिघाड’ म्हटलं की पानठेल्यावरचा युक्तिवाद जिंकल्यासारखा वाटतो. पण हे बिघाड बापाकडून आलेले नव्हते. ते गाठीतल्या पेशींत होते आणि त्याच माणसाच्या रक्तात नव्हते. ते त्याच्या हयातीत, त्याच्या गालात झाले होते. वर्तमानपत्रांत हा फरक नेहमी पुसला जातो, आणि मग लोक म्हणतात, बघा, शास्त्रज्ञही सांगतात जनुकातच असतं.

जन्मजात वाटा किती, हे विचारणारा मोठा अभ्यास अलीकडे झाला. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील कर्करोग साथरोग केंद्रात डॉ. राजेश दीक्षित आणि शरयू म्हात्रे यांच्या गटाने गालाच्या कर्करोगाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घेऊन संपूर्ण जनुकसंचाची तुलना केली. धोका किंचित वाढवणाऱ्या काही जागा गुणसूत्रांवर सापडल्या. एकही जागा एकटीने निर्णायक नाही. सगळ्यांची बेरीज केली तर माणसाचा जन्मजात धोका जास्त की कमी, एवढं सांगता येतं. आणि त्या बेरजेतून सगळ्यात लक्षात राहण्यासारखं निघालं ते हे: तंबाखू खाणाऱ्यांत ज्यांचा जन्मजात धोका जास्त, त्यांना कर्करोग कमी धोका असलेल्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी गाठतो.

म्हणजे ठेल्यावरच्या माणसाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बुढ्याला झाला नाही यात रक्ताचा थोडा हात असू शकतो. पण त्या वाक्यात दुसरं एक गृहीत आहे, की बुढा जे खात होता तेच नातू खातो. बुढा चंचीतली साधी तंबाखू चुना लावून मळायचा, बहुधा मोठेपणी लागलेली, दिवसातून चार-पाच वेळा. नातवाने सातवी-आठवीत पहिली पन्नी उघडली, तिच्यात सुपारी भरपूर, आणि गाल झोपेपर्यंत रिकामा नाही. इतक्या लवकर सुरुवात करणाऱ्याचा रोग दहा वर्षं अलीकडे ओढला गेला तर तो पस्तिशी-चाळिशीत दारात येतो, म्हणजे पोरं शाळेत असताना आणि सोसायटीचं कर्ज फिटायचं असताना. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अशा रुग्णाला किरणोपचारांसाठी सेवाग्राम, नागपूर किंवा थेट परळ सांगितलं जातं, आणि पाच-सहा आठवडे रोज उपचार घ्यायचे म्हणजे घरातल्या आणखी एकाची मजुरीही बुडते.

जनुकांची बेरीज स्वस्त झाली तर उद्या यवतमाळात एक थेंब रक्त देऊन आपला धोका जाणून घेता येईल. ज्याचा धोका कमी निघेल त्याला ठेल्यावर काय वाटेल, याची कल्पना करणं अवघड नाही. तैवान, हुनान, डर्बन आणि नागपूरचे ते हजार पाहिल्यावर मला त्या थेंबाची फारशी घाई वाटत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३०प्रमाणे राज्याच्या आयुक्तांना एखाद्या पदार्थावर एका वेळी एकाच वर्षाची बंदी घालता येते. त्यामुळे गुटखा-पानमसाल्यावरचा २०१२पासूनचा आणि खर्रा-माव्यावरचा त्यानंतरचा आदेश वर्षागणिक नव्याने काढावा लागतो, आणि सुगंधित तंबाखू शेजारच्या राज्यांतून ट्रकने येतच राहते.